हळदीच्या मांडवातील पहिला पेला

(तुळशीच्या लग्नापूर्वी कल्याण तालुक्यातील एका गावी भरलेल्या ग्रामस्थांच्या सभेत तेथील मराठी शाळेच्या शिक्षकांनी केलेले भाषण.)



आज आपण देवळापुढच्या ओट्यावर जमलो आहोत ते कीर्तन ऐकावयास नव्हे, की मते मागावयास येणाऱ्या पुढाऱ्याची वाट पाहावयासही नव्हे. पंधरा दिवसांनी तुळशीचे लग्न लागेल, आणि त्यामागून आपल्या गावात हळदीचे मांडव उभे राहतील. त्या मांडवात काय वाढावे आणि काय वाढू नये, एवढ्या एकाच गोष्टीचा विचार करावयास ही सभा बोलाविली आहे. आम्ही तुमच्या मुलांचे मास्तर. गेली बावीस वर्षे या गावात खडू झिजवीत आहोत. तेवढ्याने आम्हांस उपदेशाचा अधिकार मिळाला, असे आम्ही समजत नाही. उलट आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुली देऊनच आम्ही बोलण्यास आरंभ करितो.

आमचा एक विद्यार्थी होता. त्याचे नाव घेत नाही. गावाला ते ठाऊक आहे, आणि बाहेरच्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही. हिशेबात त्याचा हात धरणारा वर्गात दुसरा नव्हता. पंधराव्या वर्षी चुलतभावाच्या हळदीत "आता तू बाप्या झालास" असे म्हणून आप्तेष्टांनीच त्याच्या हाती पेला दिला, आणि सारा मांडव हसला. पुढे घरची भातखाचरे इमारती बांधणाऱ्यांना गेली. एकरकमी पैसा आला आणि हाताचे काम गेले. तिशीला पोहोचेपर्यंत त्याची गत अशी झाली की, पहाटे उठून दोन घोट पोटात गेल्याशिवाय त्याला सदऱ्याची गुंडी लावता येईना. एके दिवशी त्याची आई आमच्याकडे आली. "मास्तर, काय करू?" असे तिने विचारले. आम्ही शहाणपणाचा आव आणून सांगितले, "आठ दिवस खोलीत कोंडून ठेवा. थेंब देऊ नका. आपोआप ताळ्यावर येईल."

त्या माउलीने तसेच केले. पहिल्या दिवशी तो थरथर कापू लागला. दुसऱ्या रात्री त्याला फेफऱ्यासारखा झटका आला. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर उंदीर धावताना दिसू लागले व तो ओरडू लागला. घरच्यांना वाटले, बाहेरची बाधा. भगत आला, कोंबडे कापले, अंगारा लाविला, आणि रात्र गेली. पहाटे टेम्पोत घालून त्याला रुग्णालयाकडे नेत असता वाटेतच त्याचा प्राण गेला. त्याची आई आज या सभेत पुढेच बसली आहे. तिच्या परवानगीनेच आम्ही हे सांगत आहोत.

गाव म्हणते, तो दारूने मेला. ते अर्धेच खरे आहे. अनेक वर्षांची दारू औषधपाण्यावाचून एकाएकी तोडल्याने तो मेला, आणि ती तशी तोडण्याचा सल्ला आमचा होता. आमचे अज्ञान त्याच्या मुळावर आले. तेव्हापासून आम्ही या विषयावर जेवढे वाचता आले, डॉक्टरांस विचारता आले, तेवढे वाचले व विचारले. तेच आज तुमच्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम हे पाहू की, नशा चढते ती कोठे? पोटात नव्हे, रक्तातही नव्हे. ती चढते मेंदूत. आपल्या कवटीत सुमारे दीड शेर वजनाचा हा मऊ गोळा आहे. त्यात अब्जावधी पेशी आहेत, आणि त्या एकमेकींशी रसायनांच्या द्वारे बोलतात. त्यांतील एका रसायनाचे नाव डोपामिन. भुकेल्याला भाकरी मिळाली, तहानेल्याला पाणी मिळाले, बापाने लेकराला उचलून घेतले, म्हणजे मेंदूच्या खोल भागात हे रसायन पाझरते आणि मेंदूला सांगते, "हे चांगले आहे, हे ध्यानात ठेव, हे पुन्हा कर." ही व्यवस्था निसर्गाने आपण जगावे म्हणून केली आहे. तिच्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

१९५४ साली कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी ओल्ड्स आणि मिल्नर या दोघा शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या मेंदूतील अशा एका जागी त्यांनी बारीक तार बसविली आणि दांडी दाबली की त्या जागी विजेचा सूक्ष्म स्पर्श व्हावा, अशी योजना केली. उंदीर ती दांडी पुन्हा पुन्हा दाबू लागला. पुढच्या प्रयोगांत तर उंदीर अन्न सोडून दांडीच दाबीत राहिलेले दिसले. त्या उंदराला कोणी पापी म्हणेल काय? त्याची जात हलकी, म्हणून तो दांडी दाबतो, असे कोणी म्हणेल काय?

दारू, गांजा, गर्द, एम.डी., तंबाखू, यांचे काम त्या तारेसारखेच आहे. वाटा वेगवेगळ्या, परंतु शेवटी ही द्रव्ये त्याच जागी जाऊन, भाकरीने जेवढे डोपामिन पाझरते त्याहून कितीतरी अधिक सांडतात. शेतकऱ्यांना हे सांगावयास नको की, एका वाटेने पाणी पुन्हा पुन्हा सोडले म्हणजे पाट खोल होत जातो, आणि मग पाणी आपोआप त्याच पाटाने धावते. मेंदूत तसेच होते. ज्या मित्राबरोबर प्यालो तो मित्र, ज्या नाक्यावर बसलो तो नाका, जो ढोल वाजत होता तो ढोल, या साऱ्यांची गाठ त्या पाटाशी पडते. म्हणून सहा महिने न प्यालेला माणूस हळदीचा ढोल ऐकताच कासावीस होतो. लोक म्हणतात, "मन मारता येत नाही याला." खरे पाहता त्याच्या मनाला विचार करावयास अवसर मिळण्यापूर्वीच पाटाला पाणी सुटलेले असते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मेंदू तोल सांभाळणारा आहे. दारू मेंदूला गुंगी आणते, त्याचे चलनवलन मंद करते. रोजच दारू येऊ लागली म्हणजे मेंदू तिच्याशी झुंजण्यासाठी स्वतःला अधिक जागता, अधिक ताणलेला ठेवू लागतो. चढावर भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलाची जोती एकदम तोडली तर बैल तोंडावर आपटतो की नाही? तसेच येथे होते. दारू एकदम थांबली की तो ताणलेला मेंदू मोकाट सुटतो. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते; कित्येकांना पहिल्या दोन दिवसांतच झटके येतात; आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम होऊन नसलेले उंदीर, किडे, माणसे दिसू लागतात. ती बाधा नव्हे, ते भूत नव्हे. तो मेंदूचा तोल सुटण्याचा प्रकार आहे, आणि त्यावर रुग्णालयात औषध आहे. झटके आवरणाऱ्या गोळ्या, ब-१ जीवनसत्त्वाची सुई, चार दिवस देखरेख, एवढ्याने प्राण वाचतो. आमचा विद्यार्थी वाचला असता.

आता बाकीच्या विषांविषयी थोडक्यात सांगतो; कारण आपले गाव आता गाव राहिले नाही, कल्याण-डोंबिवली अंगणात आली आहे. पूर्वी ताडी ताडावरून उतरत असे. आज झाडे उरली नाहीत, तरी ताडी संपत नाही, हा चमत्कार कसा? कित्येक ठिकाणी पाण्यात क्लोरल हायड्रेट नावाचे गुंगीचे रसायन कालवून ती बनविली जाते. हातभट्टीच्या नावाखाली मिथेनॉल विकले गेले म्हणजे शरीरात त्याचे असे आम्ल बनते की, आधी डोळे जातात आणि मग प्राण. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत ऐंशीच्या वर आणि जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराच्या वर माणसे अशीच गेली; ती बहुतेक हातावर पोट असणारी होती. खोकल्याच्या ज्या औषधात कोडीन असते, ते पोटात गेल्यावर त्यातील काही भागाचे मॉर्फिन होते, म्हणजे अफूचेच सत्त्व; बाटल्याच्या बाटल्या रिचविल्या तर श्वास मंदावून थांबतो. एम.डी. म्हणतात ती पांढरी भुकटी मेंदूतील डोपामिनचा साठाच उपसून काढते; म्हणून घेणारा रात्रभर नाचतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला जगणे नकोसे होते. २०१५ साली ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली. तरी शहराच्या हवेबरोबर ती आपल्या पोरांपर्यंत पोहोचते. गांजाला कोणी साधूचा प्रसाद म्हणतात. परंतु कोवळ्या वयात तो नित्य ओढणाऱ्यांत वेड लागण्याचा धोका वाढतो, असे अनेक देशांतील पाहणीत दिसले आहे.

आणि तंबाखू? मायबहिणींनो, तव्यावर भाजलेली मशेरी हीही त्याच पाटाचे पाणी आहे. यात आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवीत नाही. आम्ही स्वतः पंधरा वर्षे तंबाखू मळली. मुलांना "तंबाखू वाईट" हा धडा शिकवून मधल्या सुटीत आम्ही शाळेमागे जाऊन चिमूट लावीत असू. चार वेळा सोडली, चार वेळा धरली. पाचव्या खेपेस सुटली. चिमूटभर पाल्याने आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या म्हणविणाऱ्यास असे नाचविले, तर दारूत बुडालेल्यास "तुला लाज नाही" असे म्हणण्याचा हक्क आम्हांस कोठून आला?

येथे एक खोटी समजूत मुळातून उपटली पाहिजे. पुष्कळ पांढरपेशे म्हणतात, आणि दुःखाची गोष्ट ही की आपल्यातलेही काही म्हणतात, की आगरी, कोळी, कुणबी, कातकरी, वारली यांच्या रक्तातच दारू आहे. व्यसन जडण्याच्या ओढीत सुमारे निम्मा भाग आईबापांकडून येतो, हे शास्त्र मान्य करिते. परंतु ती ओढ घराण्याघराण्यांत असते, आणि अशी घराणी प्रत्येक जातीत आहेत. बंगल्यातील बाटली पडद्याआड असते आणि आपली नाक्यावर, एवढाच काय तो भेद. २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे या देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना तिच्यापायी मदतीची गरज आहे. हे सगळे काय एकाच जातीचे आहेत?

रक्तात दारू असल्याची ही कथा ज्यांना सोयीची आहे, त्यांचा इतिहास पाहा. १८७८ साली मुंबई इलाख्यात आबकारी कायदा झाला. ताडामाडांवर कर चढले, घरी गाळणे गुन्हा ठरले, आणि गाळण्या-विकण्याचे मक्ते धनवानांच्या हाती गेले. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधन आले. घरच्या सौम्य ताडीच्या जागी दुकानाची कडक दारू आली, आणि उधारीच्या वहीत जमिनी गेल्या. १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेत सभासद असता जोतीराव फुले यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली होती, ती याच काळातील. परके सरकार गेले. परंतु आजही राज्याच्या तिजोरीत दारूवरील करापासून वर्षाला हजारो कोटी रुपये पडतात. जो दारूडा म्हणून गटारात पडतो, त्याच्या प्रत्येक घोटावर कोणाचा तरी हिशेब चाललेला असतो, हे विसरू नका.

मग उपाय काय? उपाय आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याने एकदा दाखविला आहे. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांमध्ये एक लाट उठली आणि ती डोंगरातील आदिवासींमधून गुजरातपर्यंत गेली. गावोगाव सभा भरत. ज्यांच्या अंगात देवी येई, ते तिचा हुकूम सांगत: दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूविक्या सावकाराचे काम करू नका. हजारो लोकांनी एकदम दारू टाकिली. अंगात देवी येते, हे आम्ही मानीत नाही. पण त्या लाटेत जे घडले, ते आम्ही मानितो. एकट्याने सोडावयाचे म्हणजे भावकीत, मांडवात, नाक्यावर रोज नाही म्हणणे आले; साऱ्यांनी मिळून सोडिली, तेव्हा मांडवच बदलला. लाट ओसरल्यावर पुष्कळ पुन्हा प्याले, तेही खरे. कारण लाटेमागे नित्याची व्यवस्था नव्हती.

हाच धडा साता समुद्रांपलीकडून मिळाला. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेच्या सैनिकांपैकी सुमारे पाचांतील एक जण गर्दासारख्या अफूजन्य विषाच्या आहारी गेला होता. सरकारला धास्ती पडली की, हे परत येऊन देशात काय करतील? १९७० नंतरच्या दशकात ली रॉबिन्स या विदुषीने त्यांचा माग काढला, तेव्हा आढळले की, त्या व्यसनी झालेल्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात शेकडा पाचच्या आसपासच पुन्हा व्यसनात सापडले. ती रणभूमी, ते सोबती, ती भीती, ती सहज मिळणारी पुडी मागे राहिली, आणि पाट कोरडा पडत गेला. आपल्या माणसाला आपण रुग्णालयातून बरे करून आणतो आणि पुन्हा त्याच मांडवात बसवितो, मग तो पडला की म्हणतो, "पाहा, सुधारणार नाहीच!"

आता हळदीकडे वळू. हळद आपली आहे, धवला आपला आहे, ढोल आपला आहे. तो कोणी सोडा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु एका रात्रीच्या बाटल्यांसाठी बापाने कर्ज काढावे, आणि त्याच रात्री मिसरूड न फुटलेल्या पोराच्या हाती पेला द्यावा, हे कोणत्या वाडवडिलांनी सांगितले? विवेकाचा लगाम धरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या सुमारास पुरता तयार होतो. महाराष्ट्राच्या कायद्यानेही कडक दारू २५ वर्षांखालील माणसास देता येत नाही. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत असे दिसले की, पंधराव्या वर्षाआधी प्यावयास लागलेल्यांत पुढे व्यसन जडण्याचे प्रमाण एकविसानंतर सुरू करणाऱ्यांच्या जवळजवळ चौपट होते. लगाम बसण्यापूर्वीच घोडा उधळावयास शिकविणे, याला आपण "बाप्या करणे" म्हणतो!

म्हणून आम्ही या सभेपुढे पाच गोष्टी ठेवितो. आवडल्यास ठराव करा, न आवडल्यास तोंडावर सांगा.

एक: या वर्षापासून गावातील कोणत्याही हळदीच्या मांडवात दारू वाढली जाणार नाही. हे एका घराने केले तर "कंजूष" म्हणून हसे होईल. सर्व घरांनी केले तर कोणी कोणाला हसावयाचे?

दोन: कोणत्याही पोराच्या हाती कोणीही पेला, पुडी, की चिमूट देणार नाही. मामा असो, काका असो, देणारा दोषी.

तीन: गावात कोणाला बेवडा म्हणून हाक मारावयाची नाही, वाळीत टाकावयाचे नाही, झाडाला बांधावयाचे नाही. मधुमेहाच्या रोग्यास आपण बांधून मारतो काय? मात्र रोगी म्हणून बायकोला मारण्याची मुभाही कोणाला नाही. त्या बाईच्या पाठीशी गाव उभे राहील.

चार: रोज पिणाऱ्याला सोडावयाची इच्छा झाली तर त्याला कोंडू नका, आधी डॉक्टरकडे न्या. ठाण्यात १९०१ सालापासूनचे सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि व्यसनाचा रोग हा मनोविकाराच्या डॉक्टरांच्या कामातलाच आहे. १४४४६ या क्रमांकावर फोन केल्यास सरकारी मदतवाणीवर फुकट सल्ला मिळतो. पुण्यास १९८६ साली अनिता अवचट यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्रातून हजारो माणसे बरी होऊन घरी गेली आहेत. १९३५ साली अमेरिकेत निघालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघाच्या सभा मुंबई-ठाणे भागातही भरतात. तेथे व्यसनातून उठलेलाच दुसऱ्याला हात देतो, आणि पैसा लागत नाही. रात्री-अपरात्री कोणास झटका आला तर नेण्यासाठी गाडी व दोन माणसे आजच नेमून ठेवावी. पहिले नाव आमचे लिहा.

पाच: मायबहिणींच्या हाती कायद्याने एक शस्त्र दिले आहे. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे शेकडा पंचवीस महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली तर परवान्याच्या दुकानाबाबत मतदान होते. ठरलेल्या प्रमाणात मते आडव्या बाटलीवर पडली तर दुकान बंद होते. ते शस्त्र गंजू देऊ नका. पण दुकान बंद करून हातभट्टी चालू ठेविली, तर केले सारे वाया.

कोणी म्हणेल, मास्तर, सोडलेला पुन्हा पडला तर? पडेल. आम्ही चार वेळा पडलो. पाट बुजावयास वेळ लागतो. महिने लागतात, कधी वर्षे लागतात. पण मेंदू ही दगडावरची रेघ नव्हे, ती जमीन आहे. जिकडे पाणी वळवाल तिकडे ती नवा पाट धरते. पडलेल्याला उठवावयाचे, आणि पुन्हा पडला तर पुन्हा उठवावयाचे, एवढाच धर्म येथे लागू आहे. माळ घालून सुटत असेल तर माळ घाला, सभेत जाऊन सुटत असेल तर सभेत जा. मात्र अंगाऱ्याने झटका थांबेल, ही आशा सोडा.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या मुलाचे नाव यंदा आमच्याच वर्गाच्या पटावर आहे. बापासारखाच हिशेबाला तल्लख आहे. अजून काही वर्षांनी तो कोणाच्या तरी हळदीत उभा राहील, आणि कोणी तरी हसत त्याच्यापुढे हात करील. त्या हातात काय असावे, हे आज रात्री या ओट्यावर ठरवावयाचे आहे. त्याची आजी समोर बसली आहे. तिच्याकडे पाहून ठरवा.